काचवालीचा सिकंदर

काचवालीने कुत्र्याचं नाव सिकंदर ठेवलं ते धाकट्या दिराच्या नाकाला झोंबावं म्हणूनच. हे तिने कधी लपवलं नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, आणि सांगताना हातातलं काम थांबवायची नाही.

फोटोंच्या चौकटी बनवायचं माझं दुकान त्यांच्या अगदी समोर. काच मी पुढच्या दुकानातून दिराकडून घ्यायचो, आणि मागच्या पडवीतून तिच्याकडूनही घ्यायचो. त्यामुळे दोघांचं एकमेकांविरुद्धचं बोलणं मला सारखंच ऐकावं लागे. मी मान हलवायचो आणि काच कागदात गुंडाळून घेऊन यायचो.

ते घर लांबोडकं होतं. रस्त्याच्या बाजूला दुकान, त्यावर दीर-जावेच्या खोल्या. शेजारून एक अरुंद बोळ मागे जायचा. मागे पत्र्याची पडवी आणि तिला लागून दोन खोल्या. त्या खोल्यांत काचवाली आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी राहायच्या. दुकान मुळात सासऱ्यांनी उभं केलेलं. त्यांना दोन मुलगे. मोठा काच कापायला बसायचा, धाकटा गल्ल्यावर. धाकटा लहान असताना एकदा त्याने स्वतःपेक्षा उंच आरसा एकट्याने उचलून भर गर्दीतून रस्त्यापलीकडे नेऊन पोचवला होता. आरशाला ओरखडा नव्हता आणि पोरगा छाती काढून परत आला होता. सासरे म्हणाले, हा आमचा सिकंदर. तेव्हापासून तो घरात सिकंदर, गल्लीत सिकंदर, गिऱ्हाइकांत सिकंदर. खरं नाव कागदापुरतं उरलं. मोठ्याला असं लाडाचं नाव कुणी दिलं नाही. तो काम करायचा आणि संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसायचा.

मोठ्याच्या छातीचं दुखणं बरीच वर्षं चाललं. शेवटी त्याला दवाखान्यात ठेवलं, आणि तो तिथे असतानाच दुकानाची पाटी बदलली. आधीच्या पाटीवर दोघा भावांची नावं होती. नव्या पाटीवर एकटा सिकंदर, लाल अक्षरांत, खाली पिवळी रेघ. नवरा गेल्यावर काचवाली त्याचे कपडे आणि औषधांची पिशवी घेऊन कायमची परत आली, तेव्हा ती पाटी तिने पाहिली. मी माझ्या दारात होतो. ती पाटीखाली थोडा वेळ उभी राहिली, मग बोळातून मागे निघून गेली. ती रडेल, भांडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. दिरालाही वाटलं असावं, कारण तो बरेच दिवस बोळाकडे पाठ करून बसायचा.

पुढे दिराने तिला सांगितलं की तिने मागे बसून काच कापावी, काम तो पुढून पाठवत जाईल. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःची गिऱ्हाइकं शोधली. नवऱ्यासोबत ती वर्षानुवर्षं काचेच्या तावाचं दुसरं टोक धरत आली होती. काच कापायची हिरकणी रॉकेलात बुडवायची, पट्टीला टेकवायची आणि न थांबता एका दमात ओढायची, हे तिला येत होतं. ओढलेल्या रेघेवर खालून हलकी टिचकी मारली की काच सरळ दुभंगते. बोटांवर जुन्या चिरांचे पांढरे वण, नखांत पुट्टी, आणि बोलणं असं की समोरच्याला उशिरा समजावं आपल्याला लागलंय.

कुत्रा तिला एका नव्या इमारतीत भेटला. ती तिथे तावदानं बसवायला जात होती. इमारत पुरी होत आली, राखणदार दुसरीकडे निघाला आणि कुत्रं तिथेच सोडून जाणार होता. भरदार छातीचं, भुऱ्या रंगाचं, एका कानाचा तुकडा गेलेलं. काचांचे ताव भिंतीला टेकवून ठेवलेले असत, हे कुत्रं त्यांच्यासमोर बसून राही. शेपटीसुद्धा लागू देत नसे. मागच्या पडवीला दार नव्हतं आणि अलीकडे काचा फुटून पडलेल्या सापडत होत्या. कोण फोडतं ते तिला ठाऊक होतं की नुसता संशय होता, देव जाणे. ती कुत्र्याला टेम्पोत बसवून घेऊन आली.

नाव ठेवलं तेव्हा मी पडवीतच होतो. माझ्या चौकटींच्या काचा तयार व्हायच्या होत्या. मुलगी पायरीवर बसून कुत्र्याच्या पायातला काटा काढत होती. ती इतिहास शिकत होती, डोक्यात सारखे राजे-महाराजे. एवढ्या छातीच्या कुत्र्याला मोत्या-बित्या म्हणायचं नाही, राजाचंच नाव द्यायचं, असं तिचं म्हणणं. नेपोलियन म्हणून पाहिलं. काचवाली म्हणाली, हाक मारून संपेपर्यंत कुत्रं रस्ता ओलांडून जाईल. सीझर म्हटलं तर दोन बिल्डिंगा सोडून एक सीझर आधीच होता, तोही लुकडा. चंगीज मुलीला आवडलं, पण आईला ते शिंक आल्यासारखं वाटलं.

मग काचवालीने हिरकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "सिकंदर."

मुलीचा हात थांबला. "आई, ते काकाचं नाव आहे."

"काकाचं नाव त्याच्या कागदावर वेगळं आहे. सिकंदर जगाचा राजा होता. तुझ्याच पुस्तकात आहे ना?"

"आहे. पण तुला माहितीये मी काय म्हणतेय ते. कुत्र्याला कशाला मध्ये ओढतेस?"

कुत्र्याकडे पाहून काचवालीने ते नाव पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने, बोळाकडे तोंड करून. कुत्र्याने कान टवकारला, शेपूट हलवली. पुढच्या दुकानातून कुणीतरी ओ दिली. काचवाली हसली. नवरा गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

त्यानंतर गल्लीची करमणूक सुरू झाली. ती वेळ साधायची. पुढे चांगलं गिऱ्हाईक असलं, दीर मोठ्या आरशांचं कौतुक सांगत असला, की मागून हाक यायची. सिकंदर, तिथे तंगडी वर करू नकोस. सिकंदर, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायची तुझी खोड जात कशी नाही. सिकंदर, लाज वाटते का रे जराशी. गिऱ्हाईक आधी मागे वळून पाही, मग पाटीकडे पाही, मग खाली मान घालून ओठ चावी. भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना खेळ कळला. पोरं शाळेतून येता-जाता बोळाच्या तोंडाशी उभी राहून कुत्र्याला हाका मारू लागली. कुत्रं बिचारं प्रत्येक हाकेला धावत जाई.

पहिल्यांदा जाऊ आली. ती भांडकुदळ बाई नव्हती, दोन्हीकडून चेंगरलेली होती. तिने खालच्या आवाजात समजावलं की दुसरं कुठलंही नाव ठेवा, आम्ही कुत्र्याला रोज दूध देऊ. काचवालीने तिला बसायला स्टूल दिलं आणि मुलीकडून ऐकलेली हकीकत सांगितली. खुद्द सिकंदर बादशहाचा एक लाडका कुत्रा होता म्हणे, आणि तो मेल्यावर बादशहाने त्याच्या नावाने अख्खं शहर वसवलं. कुत्र्याचं नाव शहराला चालतं, तर राजाचं नाव कुत्र्याला का चालू नये? जाऊ उठून गेली.

मग दिराने पालिकेत तक्रार केली की मागे मोकाट, चावरं जनावर पाळलंय. पालिकेचा माणूस आला. कुत्र्याने त्याचा हात चाटला. काचवालीने लस टोचून घेतली, परवाना काढला, आणि परवान्याचा बिल्ला नावासकट पट्ट्याला अडकवला. आता ते नाव सरकारदरबारी लागलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. दिराने पाटी काढली. नव्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसतं काच आणि आरसे. त्याने घरात, नोकरांत, मित्रांत सगळ्यांना बजावलं की यापुढे आपल्याला सिकंदर म्हणायचं नाही. जुनं गिऱ्हाईक चुकून म्हणालं तरी तो ओ देईना.

मला वाटलं, झालं, जिंकली ही. आता थांबेल. मी तसं बोललोही. ती म्हणाली की पाटी काढली तर काढली, तिच्या नवऱ्याचं नाव त्या जागी आलं का? मी आपल्या काचा उचलल्या.

एकदा दुपारी दीर स्वतः मागे आला. मी तेव्हा एका मोठ्या चौकटीचं माप द्यायला गेलो होतो. तो पडवीच्या तोंडाशी उभा राहिला, आत पाय टाकला नाही. कुत्रं उठून त्याच्या चपला हुंगायला लागलं.

"वहिनी, आता पुरे करा," तो म्हणाला. "नाही तर मीपण एक कुत्रं आणतो. आणि त्याला दादाचं नाव देतो. मग तुम्हीही ऐका दिवसभर."

तिने ओढत आणलेली रेघ पुरी केली. खालून टिचकी मारली, काचेचे दोन तुकडे वेगळे केले, अलगद भिंतीला लावले. मग ती वळली.

"आणा, भाऊजी. पाटीवरून त्यांचं नाव तुम्ही खरवडलंत. कुत्र्याला तरी द्या. कुठेतरी राहील."

दिराचा चेहरा राखेसारखा झाला. तो मागे फिरला आणि जाताना भिंतीला टेकवलेल्या फुटक्या काचांच्या पेटीला लाथ मारून गेला. काचवालीने झाडू घेतला. तिला केर नीट काढता येईना. मुलीने झाडू तिच्या हातातून काढून घेतला.

कुत्रं काही त्याने आणलं नाही. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांत शब्द बंद. नळाचं पाणी, बोळातला दिवा, कचऱ्याचा डबा, सगळ्यावरून धुसफूस. तीही जावेच्या किंवा मुलीच्या तोंडून. बोळात समोरासमोर आली तर दोघंही अंग चोरून भिंतीला घासत जायची, पण आधी वाट कुणी सोडायचं नाही.

या सगळ्यात एक माणूस असं होतं, की ज्याला काही समजावता येत नव्हतं. सासूबाई. त्या धाकट्याकडे राहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेलेला, आणि डोक्यातलं एकेक सामान हळूहळू हरवत चाललेलं. सकाळी ऊन आलं की जाऊ त्यांना बोळात वेताच्या खुर्चीवर आणून बसवी. काल काय जेवल्या ते त्यांना आठवत नसे, मोठा मुलगा गेला हेही कधीकधी आठवत नसे. पण सिकंदर हे नाव पक्कं होतं. दर थोड्या वेळाने त्या हाक मारायच्या. पूर्वी तो गल्ल्यावरून उठून यायचा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, काय गं आई म्हणायचा आणि परत जायचा. एवढ्याने त्यांचं भागायचं.

आता त्यांनी सिकंदर म्हटलं की दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. म्हणून तो उठेनासा झाला. ऐकू न आल्यासारखं करायचा, आवाज चढवून दर सांगत बसायचा. आणि मागून कुत्रं यायचं. त्याला काय ठाऊक. आपलं नाव ऐकलं की जायचं. ते येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवी. त्यांचा हात त्याच्या कपाळावरून, फाटक्या कानावरून फिरे. आधी त्या जरा बावरल्या, मग त्यांना सवय झाली. त्या त्याच्याशी बोलायच्या. जेवलास का, उन्हात फार फिरू नकोस, वडील रागावतील. मी माझ्या ठोकाठोकीतून हे सगळं पाहत होतो. काचवालीही बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून पाहायची. सुरुवातीला तिला गंमत वाटली असावी. नंतर ती त्या वेळेला पडवीतच राहू लागली.

तिने काय करावं? सासूशी तिचं कधी वाकडं नव्हतं. नवऱ्याच्या दुखण्यात रात्ररात्र जागणारी तीच म्हातारी होती. कुत्र्याला सकाळी बांधून ठेवलं तर ते दोरी ताणून केकाटायचं आणि पलीकडे म्हातारी हाकांवर हाका मारून कासावीस व्हायची. मुलीने नाव बदलून पाहायला सांगितलं. काही दिवस दोघींनी त्याला राजा म्हणून पाहिलं. बिस्कीट दाखवून राजा म्हटलं तर ते बिस्किटाकडे यायचं. बिस्किटाशिवाय राजा म्हटलं तर शेपूटही हलवायचं नाही.

एके दिवशी पुढे गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारीने हाक मारली. दीर उठला. मी पाहिलं, त्याने आधी रस्त्याकडे नजर टाकली, कुणी नाही याची खात्री केली, आणि मग तो बोळात आला. कुत्रं आधीच येऊन बसलं होतं. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखा.

म्हातारीने खांदा आखडून घेतला. "कोण आहे?"

"आई, मी आहे. सिकंदर."

"सिकंदर हा काय इथे बसलाय," त्या म्हणाल्या, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून. "तुम्ही कोण?"

तो हळूच खाली बसला, कुत्र्याच्या शेजारी, आणि आईला आपला चेहरा चाचपता यावा म्हणून त्याने तिचा हात स्वतःच्या गालावर ओढून घेतला. तिने हात सोडवून घेतला आणि सुनेला हाका मारायला लागली, की कुणीतरी अनोळखी माणूस घरात शिरलाय.

आवाज ऐकून काचवाली धावत बोळात आली. तिने कुत्र्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं. दीर उठून उभा राहिला होता. डोळे लाल, पण आवाज इतका शांत, की तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"नाव घेतलंत ते घेतलंत," तो म्हणाला. "आईची हाकसुद्धा घेतलीत. आता तुमचं समाधान झालं?"

काचवाली पट्टा धरून कुत्र्याला मागे पडवीत घेऊन गेली.

त्याच महिन्यात दिराने बिऱ्हाड हलवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत घर घेतलं, पुढचं दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला भाड्याने दिलं आणि जाताना बोळ मध्यावर विटांनी बंद करून गेला. काचवालीला पडवीत जायला मागच्या नाल्याच्या बाजूने वाट पाडावी लागली. काचेचे मोठे ताव त्या वाटेने येईनात, म्हणून मोठी कामं तिच्या हातून गेली. यावर तिने तक्रार केली नाही. भिंत चढत होती तेव्हा ती पलीकडे उभी राहून गवंड्याला विटा तिरक्या लागल्याचं सुनावत होती, इतकंच.

सासूबाईंना भेटायला मात्र ती गेली. मुलीला सोबत घेऊन, कुत्र्याला घरी ठेवून. हे मला मुलीने सांगितलं. दारावरची घंटी वाजवल्यावर दिराने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. काचवालीने विचारलं, आई कशा आहेत. त्याने सांगितलं, बऱ्या आहेत. तिने विचारलं, क्षणभर भेटू का. तो म्हणाला की त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत.

"आवाज ओळखतील," ती म्हणाली. "हाक मारतात ना अजून?"

"नाही," तो म्हणाला. "इथे आल्यापासून आई कुणालाच हाक मारत नाही."

आणि दार लावून घेतलं. सावकाश, आवाज न करता. मुलगी म्हणते, आई त्या बंद दारासमोर बराच वेळ उभी होती. आतून टीव्ही ऐकू येत होता. मग दोघी जिना उतरून आल्या. लिफ्ट होती, पण आईला लिफ्टची वाट बघायची नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. काचवालीला ते मोबाइलवाल्याकडून कळलं, सगळं आटोपून गेल्यावर. ती माझ्या दुकानात आली, दोन हातांनी चौकटीची कड धरून उभी राहिली. मला वाटलं आता ही पश्चात्तापाचं काही बोलेल, आणि मी तशा चेहऱ्याने बसलो. ती म्हणाली की म्हातारीचा तिने विचारच केला नव्हता, ते तिला जन्मभर लागून राहील. मग म्हणाली, "पण भाऊजींचं मला काही वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू?"

माझ्या टेबलावर कापून आणलेल्या तिच्या काचा होत्या. तिने एक उचलून उजेडात धरली, कडेला बोट फिरवलं, एक धार राहिलीय म्हणाली आणि ती काच परत घासायला घेऊन गेली.

कुत्रं अजून आहे. आता म्हातारं झालंय, मागचे पाय ओढत चालतं. गल्लीतली पोरं त्याला अजून सिकंदर म्हणतात आणि ते अजून जातं. काचवाली त्याला नावाने हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं असलं की थाळीवर चमचा वाजवते.